शेंगा चटणीतले तेल रक्तात कसे पोचते : लहान आतड्याचा धडा शिकवण्याची एक रीत

सोलापूरच्या शाळेत विज्ञान शिकवताना पचनसंस्थेचा धडा मी बरीच वर्षे एकाच क्रमाने घेत आले: तोंड, अन्ननलिका, जठर, लहान आतडे, मोठे आतडे. मुले आकृती सुबक काढत, नावे बिनचूक देत आणि ‘पित्तरसामुळे स्निग्ध पदार्थांचे पचन होते’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत जसेच्या तसे उतरवत. एका वर्षी मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला सातवीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, चटणीतलं तेल पोटातनं रक्तात जातं ना, मग रक्तावर तवंग का येत नाही?” तिच्या डब्याच्या झाकणाला शेंगा चटणीचे लालसर तेल अजून चिकटलेले होते. झाकण नळाखाली धरले तर पाण्याचे थेंब त्यावरून घरंगळून गेले आणि तेल जागचे हलले नाही. तिला उत्तर देऊ लागले तेव्हा माझ्या लक्षात आले, की मी शिकवत होते ती केवळ अवयवांची यादी होती. शरीरापुढची अडचण कोणती आणि शरीर ती कशी सोडवते, हे त्या यादीत कुठेच येत नव्हते.

तेव्हापासून मी हा धडा तेल आणि पाणी यांच्या अडचणीपासून सुरू करते. ज्या शिक्षकांना आणि पालकांना तो असाच शिकवून पाहायचा असेल त्यांच्यासाठी माझी पद्धत येथे सविस्तर लिहीत आहे. दोन तासिका पुरतात. झाकणाच्या दोन पारदर्शक बाटल्या, थोडे शेंगदाण्याचे तेल, भांडी घासण्याचा द्रवरूप साबण, सहा मीटर सुतळी, रंगीत दोरे, एक जुना टर्की टॉवेल, साधे सुती कापड आणि मोजपात्र एवढे साहित्य लागते. शाळेच्या प्रयोगशाळेत लायपेज किंवा पॅनक्रिएटिन या पाचक विकरांची (एन्झाइमची) पूड असेल तर एक प्रयोग अधिक करता येतो.

अडचण आधी हातात द्यावी

सुरुवात मुलांच्या डब्यातूनच करावी. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही हा डबा सोलापुरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. भाकरीतल्या पिष्टाचे तुकडे होत होत शेवटी ग्लुकोज उरते आणि ते पाण्यात विरघळते. दह्यातल्या प्रथिनांची अमिनो आम्ले होतात आणि तीही पाण्यात विरघळतात. तेलाचे मात्र तसे होत नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. उखळात दाणे कुटले, की त्यांच्या पेशी फुटतात, तेल सुटते आणि चटणीला ओलसर चकाकी येते. हे तेल पोटात जाते तेव्हा त्याच्या भोवती सगळीकडे पाणीच असते. पाचक रस म्हणजे बहुतांशी पाणी, रक्तद्रव म्हणजेही बहुतांशी पाणी आणि तेलाचे तुकडे करणारी विकरेही पाण्यातच विरघळलेली. त्यामुळे विकराला तेलाच्या थेंबाच्या आत शिरता येत नाही; त्याला फक्त थेंबाच्या पृष्ठभागाला स्पर्श करता येतो. हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवावे, कारण पुढची प्रत्येक पायरी याच वाक्याकडे परत येते.

आता दोन्ही बाटल्यांत निम्मे कोमट पाणी आणि एकेक चमचा तेल घालावे. एका बाटलीत साबणाचे चार-पाच थेंब टाकावेत. दोन मुलांनी दोन्ही बाटल्या एकाच वेळी वीस वेळा जोरात हलवून टेबलावर ठेवाव्यात आणि वर्गाने नुसते पाहत राहावे. साध्या बाटलीत तेलाचे थेंब एकमेकांना भेटत जातात, मोठे होतात, वर चढतात आणि काही मिनिटांत पाण्यावर पिवळसर थर पुन्हा दिसू लागतो. साबणाच्या बाटलीतले पाणी दुधासारखे पांढरे होते आणि बराच वेळ तसेच राहते. तेल नाहीसे झालेले नाही, ते फक्त बारीक झाले आहे, हे मुलांना आधी पटवून द्यावे लागते. निम्म्याअधिक मुलांना ते विरघळले असेच वाटते.

बारीक झाल्याने काय साधते, हे गणिताने दाखवावे. एक घन सेंटिमीटर तेलाचा एकच गोल थेंब असेल तर त्याचा पृष्ठभाग जेमतेम ५ चौरस सेंटिमीटर भरतो. तेवढ्याच तेलाचे एक-सहस्रांश मिलिमीटर व्यासाचे थेंब केले, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो. तो अंथरलेल्या एकेरी सोलापुरी चादरीपेक्षाही मोठा आहे. तेल तेवढेच राहिले, पण विकराला काम करण्याची जागा सुमारे बारा हजार पटींनी वाढली. आठवी-नववीच्या मुलांना हे गणित स्वतः करू द्यावे. उत्तर आले, की वर्ग काही क्षण शांत होतो आणि ‘पायसीकरण’ हा शब्द त्यानंतर सांगितला तर तो कायमचा लक्षात राहतो.

साबणाची भूमिका शरीरात पित्तरसातले पित्तक्षार बजावतात. पित्तक्षाराच्या रेणूची एक बाजू पाण्याकडे ओढ घेणारी आणि दुसरी तेलाकडे ओढ घेणारी असते, म्हणून तो दोहोंच्या सीमेवर उभा राहतो आणि फुटलेल्या थेंबांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. येथेच त्या पाठ केलेल्या वाक्याची दुरुस्ती करावी: पित्तरसात अन्नाचे तुकडे करणारे एकही विकर नसते. पित्तरस तेल पचवत नाही, तो तेल पचण्याजोगे करून देतो. हा फरक मीही सुरुवातीची काही वर्षे नीट सांगितला नव्हता, म्हणून त्याबद्दल आग्रहाने लिहीत आहे.

सुतळीवरचे आतडे

सहा मीटर सुतळी वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धरायला लावावी. पुस्तकांत लहान आतड्याची हीच लांबी दिलेली असते. जिवंत माणसात स्नायू आखडलेले असल्यामुळे ती यापेक्षा बरीच कमी भरते, हेही सांगून टाकावे. जठराच्या टोकापासून २५ सेंटिमीटरवर लाल दोरा बांधावा. एवढाच भाग म्हणजे आद्यांत्र, आणि सुतळीवर तो दिसतोही अगदी क्षुल्लक. पण स्निग्ध पदार्थांच्या पचनातले सगळे निर्णय येथे होतात. त्याच्या साधारण मध्यावर पिवळा दोरा बांधावा. तेथे पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका एकत्र उघडतात. उरलेल्या सुतळीचा पहिला दोन-पंचमांश भाग मध्यांत्र आणि पुढचा शेषांत्र. अगदी शेवटच्या वीतभर भागाला हिरवा दोरा गुंडाळून ठेवावा. त्याचे काम नंतर आहे.

जठरातून अन्न एकदम खाली येत नाही; ते आंबट लगद्याच्या रूपात थोडे थोडे सोडले जाते. हा लगदा आद्यांत्रात शिरताच तेथील अस्तराला दोन गोष्टी कळतात: आम्ल आले आहे आणि स्निग्धांश आला आहे. आम्लामुळे सिक्रिटिन हे संप्रेरक (हार्मोन) रक्तात सोडले जाते आणि त्याच्या सांगण्यावरून स्वादुपिंड बायकार्बोनेटयुक्त रस पाठवते, म्हणजे आंबटपणा मारला जातो. विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०२ साली लंडनमध्ये हे दाखवून दिले, आणि संप्रेरकांचा अभ्यास खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाला. स्निग्धांशामुळे कोलेसिस्टोकायनिन हे दुसरे संप्रेरक सुटते. ते पित्ताशयाला आकुंचन पावायला लावते, नलिकेच्या तोंडाशी असलेली स्नायूंची कडी सैल करते, स्वादुपिंडाकडून विकरे मागवते आणि जठराला सबुरीने घ्यायला सांगते. तेलकट जेवणानंतर पोट बराच वेळ भरल्यासारखे का वाटते, याचे एक मोठे कारण ही शेवटची सूचना आहे. यकृतात पित्तरस दिवसभर तयार होत असतो; पित्ताशय तो साठवते, दाट करते आणि गरज पडली की सोडते. ‘पित्त झाले’ असे आपण घरी म्हणतो तेव्हा बहुधा जठरातल्या आम्लाबद्दल बोलत असतो. ते आम्ल आणि हा पित्तरस एक नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगावे. हा गोंधळ मोठ्यांमध्येही असतो.

तुकडे कोण करते

स्निग्ध रेणूचे चित्र सोपे आहे: ग्लिसरॉलची एक आडवी दांडी आणि तिला लटकलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या. हा अख्खा रेणू पेशीच्या पटलातून आत जात नाही. जठरातले लायपेज थोडेफार काम करून ठेवते, परंतु मुख्य काम स्वादुपिंडातून आलेल्या लायपेजचे असते. ते दोन टोकांच्या शेपट्या तोडते आणि मधली शेपटी दांडीला तशीच ठेवते. म्हणजे हाती येतात दोन सुटी मेदाम्ले आणि एक मोनोग्लिसराइड. शालेय पुस्तकांत ‘मेदाम्ले व ग्लिसरॉल’ असे लिहिलेले असते. परीक्षेसाठी ते लिहावे, पण जिज्ञासू मुलाला खरा प्रकार सांगायला संकोच करू नये.

एक बारकावा मला फार आवडतो. पित्तक्षारांनी थेंबाचा पृष्ठभाग इतका व्यापलेला असतो, की लायपेजलाच तेथे टेकायला जागा मिळत नाही. त्यासाठी स्वादुपिंड कोलायपेज नावाचे एक छोटे प्रथिन सोबत पाठवते. ते थेंबावर घट्ट रुतून बसते आणि लायपेजला धरून ठेवते.

प्रयोगशाळेत हे दाखवायचे असेल तर परीक्षानळीत ५ मिलिलिटर मलईयुक्त दूध, फिनॉल्फ्थेलीन या दर्शकाचे ५ थेंब आणि सोडियम कार्बोनेटचे सौम्य द्रावण ७ मिलिलिटर घ्यावे. मिश्रण गुलाबी होते. नळी ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास कोमट पाण्यात ठेवून त्यात लायपेजचे ५ टक्के द्रावण १ मिलिलिटर घालावे. मेदाम्ले सुटू लागली, की सामू (पीएच) उतरतो आणि गुलाबी रंग फिका होत होत दूध पुन्हा पांढरे होते. विकर उकळून गार केलेली दुसरी नळी शेजारी अवश्य ठेवावी, कारण तिचा गुलाबी रंग टिकून राहिला तरच पहिल्या नळीतला बदल विकरामुळे झाला असे म्हणता येते.

तुकडे झाले तरी तेलकटपणा गेलेला नसतो. आतड्याच्या अस्तराला लागून पाण्याचा एक स्थिर थर असतो आणि तो ओलांडायचा असतो. येथे पित्तक्षार दुसऱ्यांदा कामाला येतात: ते मेदाम्ले आणि मोनोग्लिसराइड यांच्याभोवती जमून मिसेल नावाचे अतिसूक्ष्म पुंजके बनवतात. तेलकट माल आत आणि पाण्याला रुचणारी बाजू बाहेर, अशी त्यांची रचना असते. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही याच पुंजक्यांत बसून जातात. पेशीशी पोचल्यावर माल आत जातो आणि पित्तक्षार बाहेरच राहतात.

टॉवेलचा तुकडा

शोषणाचा भाग शिकवायला सोलापूरइतके सोयीचे गाव दुसरे नसेल, असे मला मनापासून वाटते. टर्की टॉवेलचा आणि साध्या सुती कापडाचा दहा सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा मुलांच्या हातात द्यावा आणि भिंगातून पाहायला सांगावे. कापड सपाट दिसते; टॉवेलवर दोऱ्याच्या हजारो उभ्या कड्या दाटीने उभ्या असतात आणि बोट फिरवले की त्या वाकून पुन्हा सरळ होतात. ज्यांच्या घरी कुणी यंत्रमागावर काम करते अशी मुले या वेळी आपणहून पुढे येतात आणि कडी कशी उठवतात ते इतरांना सांगतात. त्यांना बोलू द्यावे. मग दोन मोजपात्रांत सारखे पाणी घेऊन दोन्ही तुकडे बुडवावेत, निथळून बाहेर काढावेत आणि उरलेले पाणी मोजावे. जागा तेवढीच व्यापूनही टॉवेल कितीतरी अधिक पाणी उचलतो. नवा कोरा टॉवेल मात्र घेऊ नये. त्यावरच्या प्रक्रियेमुळे तो पाणी लवकर धरत नाही आणि प्रयोग फसतो. तीन-चार वेळा धुतलेला जुना टॉवेल उत्तम.

लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला आडव्या घड्या असतात, घड्यांवर अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे रसांकुर असतात आणि रसांकुरावरच्या प्रत्येक पेशीच्या माथ्यावर त्याहून सूक्ष्म अंकुरांची दाट झालर असते. हे सगळे उलगडले तर टेनिसच्या मैदानाएवढे होईल असे बऱ्याच पुस्तकांत लिहिलेले आढळते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील नव्या मोजणीनुसार पचनमार्गाच्या संपूर्ण अस्तराचे क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस मीटर भरते. तेही एका मोठ्या खोलीएवढे आहेच, तेव्हा जुना आकडा सोडायला हरकत नाही. या पेशी साधारण तीन ते पाच दिवसांत झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात.

टॉवेलची उपमा कुठे थांबते, हेही सांगणे आवश्यक आहे. टॉवेल समोर येईल ते पाणी टिपतो, रसांकुरावरची पेशी मात्र निवड करते आणि अनेक पदार्थ आत ओढण्यासाठी ऊर्जा खर्च करते. शिवाय टॉवेलच्या कडीच्या आत काहीच नसते. रसांकुराच्या आत रक्तकेशिकांचे जाळे असते आणि मधोमध लसीका (लिम्फ) नावाचा द्रव वाहून नेणारी, बंद टोकाची एक लसीकावाहिनी असते.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

पेशीत शिरलेल्या मेदाम्लांचे आणि मोनोग्लिसराइडचे पुन्हा जोडून स्निग्ध रेणू केले जातात. एवढा खटाटोप करून तोडायचे आणि आत गेल्यावर पुन्हा जोडायचे, हे मुलांना विचित्र वाटते. तोडणे हे फक्त दारातून आत येण्यासाठी होते, असे सांगितले की पटते. जोडलेल्या रेणूंवर प्रथिने आणि फॉस्फोलिपिड यांचे वेष्टन चढते आणि कायलोमायक्रॉन नावाचे गोळे तयार होतात. वेष्टनाची बाहेरची बाजू पाण्याशी जमवून घेणारी असते. म्हणून रक्तावर तवंग येत नाही: तेल रक्तात सुटे फिरतच नाही, ते प्रथिनांच्या वेष्टनात बांधून पाठवलेले असते.

हे गोळे रक्तकेशिकेत शिरण्याच्या मानाने मोठे असतात, त्यामुळे ते मधल्या लसीकावाहिनीत जातात, तेथून छातीतून वर चढणाऱ्या मोठ्या लसीकावाहिनीत आणि शेवटी डाव्या हासळीच्या हाडामागे शिरेत मिसळतात. ग्लुकोज आणि अमिनो आम्ले आतड्यातून थेट यकृताकडे जातात. चटणीतल्या तेलाचा बहुतेक भाग आधी गळ्यापर्यंत चढून मग रक्तात येतो. तुपात आणि खोबरेल तेलात काही मेदाम्ले आखूड शेपटीची असतात, ती मात्र ग्लुकोजप्रमाणे थेट यकृताकडे जाऊ शकतात. स्निग्ध जेवणानंतर काही तास रक्तद्रव किंचित दुधाळ दिसतो, आणि ट्रायग्लिसराइड (म्हणजे हेच स्निग्ध रेणू) तपासायला उपाशीपोटी बोलावतात ते प्रामुख्याने यासाठीच.

या वाटेचा शोध लागला तो इटलीत. गास्पारे असेली यांनी १६२२ साली, नुकतेच खाऊ घातलेल्या कुत्र्याच्या पोटात आतड्याभोवती पांढऱ्या दोऱ्यांचे जाळे पाहिले. त्यांना प्रथम ते दोरे मज्जातंतू वाटले, पण एक कापताच दुधासारखा द्रव बाहेर आला. पुढे १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी सशांमध्ये पाहिले, की स्वादुपिंडाची नलिका जेथे उघडते त्याच्या पुढेच या वाहिन्या पांढऱ्या दिसतात. सशात ती नलिका पित्तनलिकेच्या बरीच खाली उघडते. स्निग्ध पदार्थांच्या पचनात स्वादुरसाचा वाटा किती मोठा आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. सुतळीवरचा पिवळा दोरा दाखवून ही गोष्ट सांगावी, म्हणजे निरीक्षणातून निष्कर्ष कसा निघतो ते मुलांना दिसते.

आता हिरवा दोरा. बाहेर राहिलेले पित्तक्षार शेषांत्राच्या शेवटच्या टोकापर्यंत वाहत जातात आणि तेथे त्यांतले सुमारे ९५ टक्के परत शोषले जाऊन यकृतात पोचतात. शरीरातला मोजका साठा असा दिवसातून अनेक वेळा फिरतो. ब-१२ हे जीवनसत्त्वही याच टोकाला शोषले जाते. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः सुरुवातीच्या भागात. ग्लुकोज सोडियमबरोबर एकाच वाहकातून आत जाते, आणि पाणी त्यांच्या मागोमाग जाते. जुलाबात मीठ-साखरेचे पाणी देतात त्यामागे हेच आहे, डॉ. दिलीप महलानबीस यांनी १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत त्याने असंख्य जीव वाचवले. ओआरएसचे पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण मुलांकडून पाठ करून घ्यावे. येथे पाठांतराला माझा विरोध नाही.

घरी काय सांगावे

पालकसभेत जेवणाबद्दल मी दोनच गोष्टी सांगते. मेथी, शेपू, पालक किंवा गाजर यांतले अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य शोषले जायला जेवणात थोडा स्निग्धांश लागतो, म्हणून मुलांना पालेभाजी अगदी कोरडी वाढू नये. चमचाभर शेंगा चटणीही पुरते. जेवणाला लागूनच चहा देऊ नये, त्याने भाकरीतले आणि दाण्यातले लोह कमी शोषले जाते. लिंबाची फोड मात्र उपयोगी पडते.

आणि शौच फिकट, तेलकट, अतिशय दुर्गंधीयुक्त आणि पाण्याने सहज न वाहून जाणारे असेल, ते काही दिवस टिकून राहिले आणि वजन घटत असेल, तर स्निग्धांश शोषला जात नाही अशी शंका घ्यावी. कारण स्वादुपिंडात, पित्तनलिकेत किंवा आतड्याच्या अस्तरात असू शकते. डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौच मातकट पांढरे दिसले तर घरगुती उपाय करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

धडा मुलांना कळला की नाही, हे पाहण्यासाठी मी शेवटी एकच प्रश्न देते आणि वही उघडू देते: शस्त्रक्रियेने पित्ताशय काढलेल्या माणसाने चटणी-भाकरी खाल्ली, तर तेल पचेल का? ज्याला अवयवांची यादीच पाठ आहे तो ‘नाही’ लिहितो. ज्याला धडा कळला तो लिहितो, की पित्तरस यकृतात तयार होतो, पित्ताशय गेले तरी तो सतत थोडा थोडा आतड्यात येत राहतो, म्हणून तेल पचेल; फक्त एकाच वेळी फार तेलकट खाल्ले तर साठवलेला दाट पित्तरस हाताशी नसल्याने काहींना त्रास होईल. गेल्या वर्षी एकाने याच्या खाली आणखी एक ओळ लिहिली होती: “माझ्या आजीचं पित्ताशय काढलंय, ती दोन वेळा थोडी थोडी चटणी खाते.”